नदीच्या निळीची मडकी

दिवस पहिला : लागोस ते ओशोग्बो

माझं माहेर पेणचं. काकांचा गणपतीचा कारखाना आहे आणि शाळकरी वयापासून मी तिथे आखणी करत आले. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे, भुवया, गंध रेखणं. नवऱ्याच्या नोकरीमुळे लागोसला आले त्याला सहा वर्षं झाली. इथल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. जुलैअखेर आमच्या शाळेला सुट्टी लागते आणि नेमके तेच दिवस पेणला सगळ्यांत धांदलीचे. तिथे हात कमी पडतात, इथे माझे रिकामे. दरवर्षी या दिवसांत मी घरात उगाच चिडचिड करते. यंदा नवराच म्हणाला, "कुठेतरी जाऊन ये बाई."

म्हणून ओशोग्बो. सोबतीला शाळेतली मैत्रीण. ती योरुबा, म्हणजे नायजेरियाच्या या भागातल्या मोठ्या जमातीतली, आणि मूळची ओशोग्बोचीच, पण तिथल्या प्रसिद्ध देवराईत तिने कधी पाऊल टाकलेलं नाही. घर कट्टर चर्चवालं.

लागोसहून इबादानपर्यंत २०२१ साली सुरू झालेली नवी रेल्वे आहे, १५७ किलोमीटरची. गाडी स्वच्छ, वातानुकूलित आणि वेळेवर सुटणारी, त्यामुळे लिहिण्यासारखं काही घडलं नाही. इबादानचं स्टेशन शहराबाहेर मोनियाला. तिथून टॅक्सीने इवोमार्गे ओशोग्बो. खड्डे, पोलिसांची नाकी, निखाऱ्यावर भाजलेली राजेळी केळी आणि पाऊस. पाऊस अगदी आपल्याकडच्या आषाढासारखा, फक्त मातीचा रंग शेंदराजवळ जाणारा.

मैत्रिणीच्या आईने आमाला आणि एवेदू वाढलं. आमाला म्हणजे सुरणासारख्या कंदाच्या पिठाची तपकिरी उकड, एवेदू म्हणजे भेंडीलाही लाजवेल अशी बुळबुळीत पालेभाजी. मला आवडतं. जेवताना त्या हळूच म्हणाल्या, "आंटी, उद्या बघायचं ते बघा. पण नदीच्या पाण्यात हात घालू नका." इथे मास्तरीणबाईंना सगळेच आंटी म्हणतात, वयाने दुप्पट असलेलेसुद्धा.

दिवस दुसरा : देवराई

मैत्रीण फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. "मी इथे बसते," म्हणाली. मी आग्रह केला नाही.

देवराई हा शब्द मी सोयीसाठी वापरत नाही. आमच्या रायगडात देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नसते. इथेही झाड तोडायचं नाही, शिकार करायची नाही, मासा धरायचा नाही. ७५ हेक्टर रान, शहराच्या कडेला, मधून ओशुन नदी वाहते. ओशुन नदीही आणि देवीही. गोड्या पाण्याची, लेकुरवाळेपणाची, पितळेची आणि सौंदर्याची. भक्त तिला "ओरे येये ओ!" म्हणून हाक घालतात, म्हणजे आईचाच पुकारा. एकेकाळी योरुबांच्या बहुतेक गावांबाहेर अशी रानं असायची. आता जवळजवळ सगळी गेली. हे राहिलं, १९६५ साली राष्ट्रीय स्मारक झालं आणि २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आत चाळीस देवस्थानं आहेत. माकडंही आहेत आणि ती तिकीट काढत नाहीत.

आत शिरताना 'उडत्या कासवाची' कमान लागते. पहिल्यांदा पाहताना मला वाटलं, हे बांधलेलं नाही, उगवलंय. सिमेंट असूनही एक रेघ सरळ नाही. पुढे रानात जागोजागी असंच. झाडांच्या बुंध्यांतून पसरलेले हात, लांबोडे चेहरे, शेवाळलेले खांदे, दोन-दोन पुरुष उंचीच्या आकृती. वाटाड्या थांबून देवतांची नावं सांगायचा: हा ओबाताला, ही इया मापो, हा अमुक. मी हात मागे बांधून चालत होते. कारागिराच्या घरातल्या मुलीला मूर्ती दिसली की हात आपोआप पुढे जातो, म्हणून.

या मूर्तींमागची बाई ऑस्ट्रियाची. सुझाने वेंगर, जन्म १९१५, ग्राझ शहरातला. नवरा उली बायर याच्याबरोबर १९५० साली ती नायजेरियात आली, क्षयाने मरता मरता वाचली आणि एदे गावच्या ओबातालाच्या पुजाऱ्यापाशी जाऊन बसली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती म्हणतात. तिने दीक्षा घेतली, आडुन्नी ओलोरिशा या नावाने ओळखली गेली आणि २००९ साली ओशोग्बोतच वारली. पन्नासच्या दशकात ही देवराई मरायला टेकली होती. जमीनवाले कडेकडेने आत सरकत होते, शिकारी येत होते आणि नदीकाठचं ओशुनचं देवस्थान वाळवीने पोखरलेलं. ते दुरुस्त करायला तिला बोलावलं. तिने शहरातले गवंडी, सुतार हाताशी घेतले. दुरुस्तीतून नव्या भिंती झाल्या, भिंतींतून मूर्ती. त्या मंडळींनी पुढे जे केलं त्याला 'नवी पवित्र कला' असं नाव पडलं. आदेबिसी आकांजी मूळचा गवंडी. बुराईमो ग्बादामोसी दगडात आणि लाकडात काम करणारा. कासाली अकांग्बे परंपरेने लाकूड कोरणाऱ्या घराण्यातला. बुराईमो म्हणजे इब्राहिम, कासालीही मुसलमानी नाव. नमाजी घरांतले हात ओरिशांची, म्हणजे योरुबा देवतांची, देवळं उभी करत होते आणि त्यात कोणाला फार विचित्र वाटत नव्हतं.

इथे मला एक गोष्ट खटकली आणि ती लिहायला हवी. जुन्या योरुबा कोरीवकामात देव सहसा दिसतच नाही. दिसतो तो भक्त. शांगो या विजेच्या देवाचा दंड घ्या. त्यावर बहुधा गुडघे टेकलेली बाई असते आणि तिच्या डोक्यावर दुधारी परशू. ती बाई म्हणजे देव नव्हे, देव जिच्या डोक्यावर उतरला ती. आम्ही पेणला थेट देवच घडवतो. इथली रीत देवाला रिकामी जागा सोडण्याची. वेंगरबाईंनी ती मोडली आणि ओरिशांना अवाढव्य शरीरं दिली. ही योरुबा कला की एका युरोपियन बाईची स्वप्नं, असा प्रश्न विचारणारे आहेत आणि मला तो प्रश्न वेडगळ वाटत नाही. पण त्या आकृत्या आल्यावर रान तोडायला आलेल्यांचे पाय अडखळले, हेही खरं. कुंपणाच्या फळीला कोण घाबरतो? डोळे वटारून बसलेल्या देवाजवळ कुऱ्हाड चालवायला जिगर लागते.

नदी मात्र बघवेना. दाट तपकिरी, आपल्या पहिल्या पुराच्या पाण्यासारखी. वाटाड्या म्हणाला, हे पावसाचं नाही. वरच्या अंगाला सोन्यासाठी नदीकाठ उकरतात, त्याचा गाळ. २०२१ साली सरकारनेच भक्तांना सांगितलं की हे पाणी पिऊ नका. तरी दोन बाया काठावर पिवळे डबे भरत होत्या. मैत्रिणीच्या आईचा इशारा आठवला. त्यांचं कारण वेगळं होतं, एवढंच.

परतताना एका भिंतीजवळ म्हातारा गवंडी भेटला. सिमेंटचा पापुद्रा सुटून आतली सळई उघडी पडलेली, गंजून फुगलेली. ऑगस्टमधल्या बारा दिवसांच्या उत्सवाआधी ते काम उरकायचं होतं. मी विचारलं, कधी करणार? म्हणाला, रविवारी सकाळी या.

दिवस तिसरा : नीळ

ओशोग्बो निळीचं गाव. गावाच्या जन्मकथेतच निळीची मडकी आहेत. लारोये आणि तिमेहिन नावाचे दोघे पाण्याच्या शोधात माणसं घेऊन नदीकाठी आले. वस्तीसाठी झाड तोडलं, ते पाण्यात कोसळलं आणि पाण्यातून आवाज आला: माझी निळीची मडकी फोडलीत रे! ओशुनच होती ती, खाली रंगकाम करत बसलेली. मग बोलणी झाली. माणसांनी काठ सोडून वर उंचावर राहायचं, वर्षातून एकदा तिला नैवेद्य द्यायचा, तिने त्यांना सांभाळायचं. करार झाल्याची खूण म्हणून माशाने राजाच्या पसरलेल्या हातात उडी घेतली. म्हणून इथल्या राजाची पदवी अताओजा, हात पसरून मासा घेणारा.

मला ही गोष्ट फार आवडली. देवी प्रकट होते ती तेजोवलयासकट वगैरे नाही. कामात असते, आणि कोणीतरी येऊन काम बिघडवल्यामुळे वैतागून ओरडते. कारखान्यात काकू असं अनेकदा ओरडलेल्या मी ऐकल्या आहेत.

मैत्रिणीच्या ओळखीने एका आदिरेवाल्या आजींकडे गेलो. आदिरे म्हणजे राखून रंगवलेलं निळं कापड. बांधून करतात तेही आदिरे, पण आजींचं एलेको, म्हणजे खळीचं. कसाव्याच्या पिठाची खळ शिजवायची, त्यात मोरचूद टाकायचं, कोंबडीच्या पिसाने कापडावर नक्षी काढायची. खळ लागली तिथे नीळ चढत नाही. कापडाचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनात वेगळं चित्र: पाली, पक्षी, तारे, खांब. एका नक्षीचं नाव 'इबादानदुन', म्हणजे इबादान गोड आहे. त्यात तिथल्या मापो हॉलचे खांब असतात.

नीळ करायची पद्धत अशी. एलू नावाच्या झुडपाची कोवळी पानं कुटून गोळे करून वाळवतात. राखेतून पाणी गाळतात. त्यासाठी बुडाला भोकं पाडलेलं मडकं दुसऱ्या मडक्यावर चढवलेलं असतं. त्या खारात गोळे भिजत घालायचे आणि आठवडाभर थांबायचं. वास असा की गोठ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. कापड बुडवून वर काढलं की हिरवं दिसतं आणि वाऱ्यावर बघता बघता निळं होतं. हा खेळ मी किती वेळ पाहत उभी राहिले! आजींनी कंटाळून हाताला धरून बसवलं.

आजी स्पष्टवक्त्या. म्हणाल्या, एलूचं मडकं आता वर्षातून दोनदाच लावते, बाकी बाजारची नीळ आणि कॉस्टिक सोडा. गिऱ्हाईक वाट बघत नाही. पण खऱ्या मडक्याजवळ आल्या तेव्हा आवाज खाली गेला. आधी इया मापोला विचारायचं. मडकी घडवणाऱ्या, रंगवणाऱ्या बायकांची ती देवता, देवराईत तिचीच ती भली थोरली मूर्ती. नीळ कधी कधी विटते. राख तीच, पानं तीच, हात तेच, तरी रंग बसत नाही. मग मडक्याला बोल लावायचा नाही. "आपण कुठे चुकलो ते बघायचं," आजी म्हणाल्या. मैत्रिणीने हे भाषांतर करून सांगितलं आणि पुढे स्वतःचं जोडलं, "माझी आजीसुद्धा हेच करायची. आमच्या घरात हे कोणी बोलत नाही."

मी एक चौकोन काढला. आखणीची सवय असलेला हात, म्हटलं पिसाची काय कथा! पीस वळलंच नाही. माझा मासा बेडकासारखा झाला. आजी हसल्या नाहीत. शेजारच्या चौकोनात त्यांनी त्याच जातीचा बेडूक काढला, म्हणजे माझा चुकलेला वाटू नये.

दिवस चौथा : इबोकुन रस्ता, आणि वाकस

सकाळी वेंगरबाईंचं घर बाहेरून आणि थोडंसं आतून पाहिलं. इबोकुन रस्त्यावरचं, ब्राझिलियन धाटणीचं उंच घर. पुढच्या अंगाला सिमेंटची जाळी, त्यात माणसं, प्राणी, देव एकमेकांत गुंतलेले. अशा जाळ्या आकांजींनी गावात इतरत्रही केल्या, अगदी पेट्रोल पंपालासुद्धा. आत खुर्च्यांनासुद्धा चेहरे. मला तिथे जीव गुदमरल्यासारखा झाला. कारखान्यात श्रावणात रात्री एकटीने जायची माझी तयारी नसायची, तसंच.

दुपारी एका लाकूड कोरणाऱ्या बाबांकडे. हातात वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, मांडीवर ओंडका. ते म्हणाले, कोरण्याआधी झाडाला विचारावं लागतं, त्याला काही द्यावं लागतं. मग चार टप्पे. आधी मोठा आकार काढायचा, मग डोकं, धड, पाय वेगळे करायचे, मग गुळगुळीत करायचं आणि शेवटी 'फिफिन', म्हणजे बारीक रेघा. केस, बोटं, पापण्या.

"म्हणजे डोळे शेवटी?" मी जवळजवळ ओरडलेच.

आमच्याकडेही शेवटी. आणि आखणी करणारा माणूस त्या दिवसांत कोणाशी फारसं बोलत नाही.

बाबांनी तयार मूर्ती दाखवली. इबेजी, जुळ्यांची. योरुबांमध्ये जुळी मुलं खूप होतात, जगात इतकी क्वचितच कुठे होत असतील. जुळ्यांतलं एक दगावलं तर त्याच्यासाठी लाकडी मूर्ती करायची, आणि आईने तिला न्हाऊ घालायचं, भरवायचं, कपडे घालायचे, जिवंत मुलाच्या बरोबरीने. एक जुनी मूर्ती बाबांकडे होती. तिचं नाक आणि डोळे पार झिजून गेलेले. कोणीतरी वर्षानुवर्षं तोंड धुतलं होतं तिचं. बाबांच्या मते ती मूर्ती बिघडली नव्हती, तिच्यावरचं अर्धं काम आईने केलं होतं.

आमच्याकडे प्राणप्रतिष्ठा भटजी करतात. आम्ही मूर्ती विकतो, पैसे मोजून घेतो, आणि डोळे रेखल्यावरही ती आमच्यासाठी 'माल' असते, काका स्वतः म्हणतात, "माल गेला का?" इथे मला ती फट सापडेना. घडवणारा कुठे थांबतो आणि पुजणारा कुठे सुरू होतो, हे विचारलं तर बाबांना प्रश्नच कळला नाही. दोनदा भाषांतर केलं मैत्रिणीने. शेवटी ते म्हणाले, गरोदर बाईला आम्ही काय म्हणतो ठाऊक आहे? ओरिशा आमच्यासाठी चांगली 'ओना' घडवो. ओना म्हणजे नक्षी, कलाकुसर. ओबाताला आईच्या पोटात माणूस घडवतो. एकदा तो ताडी प्यायला आणि त्याच्या हातून वाकडीतिकडी माणसं घडली. म्हणून त्याचे भक्त ताडीला शिवत नाहीत आणि अपंग माणसाला ओबातालाचा माणूस मानतात.

"मग मी पण कोरतो, तो पण कोरतो," बाबा म्हणाले आणि वाकस उचलली. मुलाखत संपली.

मी निघताना "ए कू इशे" म्हटलं. काम करणाऱ्याला घालायचा हा खास नमस्कार. मराठीत यासाठी शब्द नाही. आपण कामात असलेल्या माणसाला "काय चाललंय?" विचारतो, आणि दिसतच असतं काय चाललंय.

दिवस पाचवा : रविवार

मैत्रिणीचं घर चर्चला निघालं, मी देवराईला. पण या वेळी मैत्रीण माझ्याबरोबर निघाली. आईला काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही.

सहा वाजता पोचलो. पाऊस थांबला होता. गवंडीबाबांनी वाळू चाळून ठेवली होती, सिमेंटचं पोतं प्लास्टिकखाली, दोन थाप्या, तारेचा ब्रश. पांढऱ्या कपड्यांतल्या एक वयस्कर बाई आल्या. ओशुनच्या सेवेकरी. जमिनीवर पाणी शिंपडलं, काहीतरी लयीत म्हटलं. मैत्रीण कुजबुजली, "हे मला येतं." मग तीही ओठांतल्या ओठांत म्हणायला लागली.

बाईंनी ओबी काढलं, चार पाकळ्यांचं कोलाफळ. पाकळ्या मोकळ्या करून जमिनीवर टाकल्या. हे बघून मला हसूच आलं, कारण हा सरळसरळ कौल होता. आमच्याकडे गुरव देवाच्या अंगावर फुलं, पाकळ्या चिकटवतो आणि उजवी पडते की डावी ते सगळं गाव श्वास रोखून बघतं. इथे दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या की मनासारखं झालं.

तीन पालथ्या पडल्या.

बाईंनी काही विचारलं, पुन्हा टाकल्या. पुन्हा काही विचारलं. तिसऱ्यांदा मान हलवली. गवंडीबाबांनी तक्रार नाही, चर्चा नाही, न वापरलेल्या थाप्या पुसून पिशवीत घातल्या. आज नाही. उद्या परत विचारू. मी घड्याळ बघितलं. इबादानची गाडी होती, उद्या मी नव्हते. उघडी सळई तशीच गंजत होती आणि वर ढग दाटत होते.

आम्ही चौघं फाटकाबाहेर बसून अकारा खाल्ले. चवळीचे वडे, पेणच्या स्टँडवर कोणी विकले तर खपतील. मी बाबांना विचारलं, पाऊस आला तर? बाबा म्हणाले, आला तर भिजेल.

गाडीत बसल्यावर काकांना फोन लावला. मागे रेडिओ, कोणाचं तरी ओरडणं, कम्प्रेसरचा आवाज. सगळं सांगितलं, निळीचं, वाकशीचं, आणि शेवटी कौलाचं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन तुटला.

"एकशेचाळीस मूर्ती आखायच्या राहिल्यात," ते म्हणाले. "आणि मुंबईचा टेम्पो शुक्रवारी आहे." मग जरा थांबून, "त्या बाईंनी तिसऱ्यांदा काय विचारलं, ते विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. मैत्रिणीकडे बघितलं. ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती, आणि तिच्या नखांत अजून निळा रंग होता.